फ्री साइजचा पट्टा

थोरला रविवारी सकाळी न कळवता आला, तेव्हाच मास्तरीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. न कळवता येणाऱ्यांतला तो नव्हे. दुकानाच्या वाटणीवरून दोघा भावांत जे काही झालं होतं, त्यानंतर तर तो आधी फोन करायचा आणि मग दारात खाकरून पाहुण्यासारखा आत यायचा. आज मात्र सरळ आत शिरला. मागोमाग त्याची बायको. दोघांची तोंडं अशी, की आता कुणाचं काय झालं असं विचारायलाही भीती वाटावी.

मास्तरीणबाई मशीनवर होत्या. रविवारी दुकानाला सुट्टी होती, त्यांना नव्हती. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि सुईत दोरा ओवायला आताशा धाकट्याला हाक मारावी लागे, पण सरळ शिवण त्या हाताच्या सवयीनं मारत. त्यांचे नवरे, शिंपी मास्तर, गेल्यानंतर दुकानाच्या पाटीवर नाव मास्तरांचंच राहिलं, पण त्यांचा मापाचा टेप मास्तरीणबाईंच्या गळ्यात आला. तो त्या झोपतानाच काय तो काढत.

"आई, मशीन थांबव. हॉस्पिटलमधून फोन होता मला."

"तुला कशाला? डोळा माझा आहे."

"तू फोन उचलत नाहीस म्हणून."

हे खरं होतं. अनोळखी नंबर दिसला की त्या फोनवर उशी ठेवत. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"ऑपरेशन थांबवलंय त्यांनी. विमा कंपनीनं मंजुरी अडकवून ठेवलीय. कंपनीकडे नोंद आहे की तू अंथरुणाला खिळलेली आहेस."

"कोण?"

"तू!"

मास्तरीणबाईंनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय मशीनच्या पायट्यावर होते आणि बोलण्याच्या नादात ते अजून हलतच होते.

"तुझ्या नावावर चाकाची खुर्ची घेतली गेलीय," थोरला बोटांवर मोजत सांगू लागला. "कमरेचा पट्टा, गुडघ्याचे पट्टे, मानेचा पट्टा. श्वास घ्यायचं मशीन. आणि घरी येऊन मालिश करणारा माणूस येतो म्हणे आठवड्यातून तीनदा."

"येतो तर मला कसा दिसला नाही?" इस्त्री हातात घेऊन धाकटा मागच्या खोलीतून आला. "माझीही पाठ चोळून घेतली असती."

कुणी हसलं नाही. थोरल्यानं तर असं पाहिलं, की धाकट्यानं मुकाट्यानं इस्त्री जागेवर ठेवली.

या घरातले सगळे मोठे निर्णय कापायच्या टेबलाभोवती झाले होते. शिंपीकाम सोडून नोकरी धरतो, हे थोरल्यानं इथेच सांगितलं होतं. वाटणीची चर्चाही इथेच, आणि त्यातलं 'आईला आता झेपत नाही' हे वाक्यही इथलंच. ते वाक्य मास्तरीणबाईंनी गिळलं होतं, पण पचवलं नव्हतं. आताही सगळे सवयीनं टेबलाभोवतीच उभे राहिले. मास्तरीणबाई मात्र खाली वाकल्या, अस्तराच्या ताग्यांमागे हात घातला आणि एक पुठ्ठ्याचा खोका ओढून टेबलावर ठेवला. पोरांनी शोधून काढण्यापेक्षा आपणच दिलेला बरा.

खोक्यात काळा पट्टा होता. त्याला रबराचा उग्र वास येत होता.

"कुणी दिला हा?" थोरल्यानं विचारलं.

"आधी एका बाईचा फोन आला. साखरेत घोळलेलं बोलणं. विमा कंपनीतून बोलतेय म्हणाली. वयस्कर लोकांना कमरेचा पट्टा फुकट मिळतो. मी म्हटलं, माझी कंबर धड आहे. मग दुसऱ्या दिवशी माणूसच आला दारात, गळ्यात ओळखपत्र वगैरे. म्हणाला, आजी, पट्टा नको तर नको, निदान माप तरी देऊन ठेवा."

"आणि तू दिलंस."

"अरे, त्यानं टेप कमरेभोवती घेतला आणि आतून एक बोट घातलं!"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. वाटणीनंतर पहिल्यांदाच त्यांची नजर अशी सरळ भिडली असेल. थोरल्या सुनेला काही उमगेना.

"बोट घातलं म्हणजे?"

"टेपखाली एक बोट ठेवून माप घ्यायचं," धाकट्यानं सांगितलं. "म्हणजे कपड्यात श्वास घ्यायला जागा राहते. बाबा म्हणायचे, जो बोट घालत नाही तो शिंपी नव्हे, जमीन मोजणारा."

"शिकवल्याशिवाय येत नाही ते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं, ज्याला कुणी एवढं नीट शिकवलंय, तो खोटं कशाला बोलेल? मग त्यानं नोंदीसाठी विम्याचं कार्ड मागितलं. मी दिलं. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, थँक्यू म्हणाला, गेला."

"आई, बँकेचं कार्ड दिलं असतंस त्याला?"

"मला काय खूळ लागलंय? बँकेत पैसे असतात. विम्याच्या कार्डात काय, माझी दुखणी. ती कोण चोरून नेणार, असं वाटलं."

खरं सांगायचं तर थोरल्याचं स्वतःचं विम्याचं कार्डही गाडीच्या काचेपाशी उघड्यावरच पडलेलं असे.

"पण कळलं कधी तुम्हाला?" सुनेनं विचारलं.

"खोका उघडला तेव्हाच." मास्तरीणबाईंनी पट्टा उचलून त्याची चिठ्ठी सुनेपुढे धरली. त्यांचा आवाज चढला. "वाच. मला दिसत नाही नीट, पण हे दिसलं. फ्री साइज! बोट घालून माप घेतो आणि पाठवतो काय, तर फ्री साइज! अगं, मी आयुष्यात उशीचा अभ्रासुद्धा अंदाजपंचे शिवला नाही!"

धाकटा फिस्सकन हसला. सुनेनं तोंडावर पदर नेला. मास्तरीणबाईंना मात्र हसू येत नव्हतं. त्यांना खरोखरच राग आला होता, आणि फसवणुकीपेक्षा अपमानाचा जास्त.

"कळलं होतं, तर इतके दिवस बोलली का नाहीस?" थोरल्यानं विचारलं.

याचं उत्तर थोरला स्वतःच आता देणार होता, आणि ते मास्तरीणबाईंना तोंडपाठ होतं.

"ठीक आहे," थोरला म्हणाला. "उद्यापासून तुझा फोन माझ्याकडे. कार्ड माझ्याकडे. ऑपरेशन होईपर्यंत तू आमच्याकडे राहा. आणि त्यानंतर दुकानाचंही काय ते एकदा बघून टाकू. आता तुला झेपत नाही, आई. आम्ही म्हणत होतोच."

बघा. फोन, कार्ड, मग दुकान. डोळ्याचं जे व्हायचं ते होवो, पण या एका चुकीपायी गळ्यातला टेप काढून खुंटीला लावायची वेळ आली, या विचारानं मास्तरीणबाईंनी तो मुठीत घट्ट धरला. त्यांनी आधारासाठी धाकट्याकडे पाहिलं. आजवर प्रत्येक भांडणात धाकटा आईच्या बाजूनं उभा राहिला होता. आज तो पट्ट्याचा हुक लावत नि काढत बसला होता.

बोलली ती थोरली सून. या घरात आल्यापासून सासूशी तिचं कधी फार जुळलं नव्हतं. दोघी एकमेकींशी चाचपून बोलत, नव्या कापडाला पहिल्यांदा कात्री लावावी तशा.

"फोन घ्यायचा नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार. माझ्या बाबांना असंच कुणीतरी फसवलं होतं, आठवतंय ना? आम्ही भावंडांनी काय केलं? फोन काढून घेतला, सह्या आमच्या, औषधंही आम्हीच आणायची. वाटलं, सुटले बिचारे. नंतर बाबा कुणाशी बोलेनातच. विचारलं की म्हणायचे, 'मला काय कळतंय, तुम्हीच ठरवा.' चहात साखर हवी का विचारलं तरी तेच. ते गेले ना, तेव्हा मला वाटलं, ते आधीच गेले होते. आम्हीच घालवले. आईंचं तसं होऊ द्यायचं नाही मला."

वर्षानुवर्षं जिला आपण थोरल्याची सावली समजत होतो, ती अशी बोलते, हे मास्तरीणबाईंना आज कळत होतं. आणि त्या धक्क्यातच असेल, पण जे अजून पोटात होतं तेही त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"एवढंच नाही झालेलं. मी त्याला वन्संकडे पाठवलं."

"आत्याकडे?" धाकट्याच्या हातून पट्टा खाली पडला.

"आणि दोन गिऱ्हाइकांकडे. बेकरीवाल्या बाई, आणि त्या निवृत्त टायपिस्टबाई. मी म्हटलं, माणूस चांगला आहे, माप नीट घेतो, माझं नाव सांगा. खोका यायच्या आधीची गोष्ट. पण खोका आल्यावर तरी जाऊन सांगायला हवं होतं, तेही गेले नाही."

मग जे झालं ते मास्तरीणबाईंनी स्वप्नातही पाहिलं नसतं. दोन्ही भाऊ एक झाले.

"कुणाला काही सांगायचं नाही," थोरला म्हणाला. "आपलं आपण निस्तरू."

"दादा बरोबर बोलतोय," धाकटा म्हणाला. "आई, दुकान तुझ्या शब्दावर चालतं. मास्तरीणबाईंनीच चोर पाठवला असं गावभर झालं तर उद्या कोण माप द्यायला येईल?"

"आणि आत्याला तर नकोच," थोरला म्हणाला. "जन्मभर टोचत राहील."

यात खोटं काही नव्हतं. वन्सं, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, समोरच्याच घरात एकट्या राहत. नवीन सून म्हणून मास्तरीणबाईंनी पहिला शर्ट शिवला, तेव्हा 'कॉलर बघून वाटतं घालणाऱ्याला मानच नाही' असं म्हणणाऱ्या त्या ह्याच. त्या शर्टाचा उद्धार अजून वर्षातून एकदा तरी व्हायचा. दोघींची घरं समोरासमोर आणि मनं पाठमोरी, असं मास्तर म्हणायचे आणि दोघींच्या तावडीतून लांब पळायचे.

मास्तरीणबाईंनी दोन्ही मुलांकडे पाहिलं. इतके दिवस ज्यांनी एक व्हावं म्हणून जीव टाकला, ते एक झाले होते, पण कशासाठी!

"दुकान माझ्या शब्दावर चालतं म्हणतोस ना?" त्या धाकट्याला म्हणाल्या. "मग शब्द बिघडला तर उसवून परत शिवायला नको? बिघडलेलं कापड गिऱ्हाइकाच्या हाती गुपचूप द्यायला मी तुला शिकवलं का?"

धाकट्यानं मान खाली घातली.

"सूनबाई, कार्डामागे नंबर असतो ना? तो वाच मला. आणि तू बोलू नकोस, मी बोलते."

सुनेनं नंबर वाचला. मास्तरीणबाईंनी एकेक आकडा स्वतः दाबला. बराच वेळ नुसती वाजंत्री ऐकू आली, मग एका मुलीचा आवाज आला. मास्तरीणबाईंनी नाव सांगितलं आणि मग काही न लपवता सगळं सांगितलं. फोन आला होता, माणूस आला होता, मी कार्ड दिलं, चूक माझी.

"चूक तुमची नाही, आजी," पलीकडची मुलगी म्हणाली. "त्यांचा धंदाच आहे तो. एक विचारू? नोंदीत आहे की तुम्ही चालू शकत नाही."

"बाई गं, मी पायानं मशीन चालवते. दुपारी ये, तुझा ब्लाउज शिवून देते."

पलीकडून हसू ऐकू आलं, आणि इकडे थोरल्याच्या चेहऱ्यावरचीही इस्त्री थोडी मोडली. मुलीनं जुनं कार्ड बंद केलं, नवीन नंबराचं कार्ड पाठवते म्हणाली. चौकशीला वेळ लागेल, ऑपरेशनची तारीख पुढे जाईल, पण त्या खोट्या नोंदी निघाल्या की मंजुरीचं पुन्हा बघता येईल. वेळेवर सांगितलंत हे चांगलं झालं, असंही तिनं दोनदा म्हटलं.

"आणि आजी, फुकट काही देतो म्हणून आम्ही कुणाच्या दारात माणूस पाठवत नाही. कुणी कार्ड मागितलं तर दार लावून घ्यायचं आणि ह्याच नंबरवर आम्हाला विचारायचं. संकोच करायचा नाही. तुमच्या ओळखीत अजून कुणी आहे का, ज्यांच्याकडे तो गेला असेल?"

"आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण तुला सांगण्याआधी मला त्यांना सांगायला हवं."

फोन ठेवून त्या उठल्या. थोरला सोबत यायला निघाला, तेव्हा सुनेनं त्याची बाही धरली.

रस्ता ओलांडायला असा कितीसा होता! पण मास्तरीणबाईंना तो कधी संपेलसं वाटेना. वन्सं काय काय म्हणतील, ते त्यांनी मनात ऐकून ठेवलं. कॉलरचा शर्ट तर येणारच. येऊ दे. आज वन्संची बाजू खरी होती.

वन्सं खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मास्तरीणबाईंना दारात बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"वन्सं, मी पाठवलेला तो पट्टेवाला लबाड होता," मास्तरीणबाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसल्या असत्या तर धीर गेला असता. "त्यानं माझं कार्ड वापरून भलतंसलतं उकळलं. तुमचंही केलं असेल. मला कळूनही मी तुम्हाला सांगितलं नाही. लाज वाटली. काय बोलायचं ते बोला."

वन्संनी काठीनं पलंगाखालून एक खोका पुढे ढकलला. तसाच पुठ्ठा, तसाच रबराचा वास.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पट्टा गुडघ्याचा म्हणून पाठवला, तो माझ्या मनगटालाही बसेना. तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? आयुष्यात माझी एक चूक सोडली नाहीत तुम्ही, आणि ही सोडलीत?"

"तुझ्या चुका मी तुझ्या तोंडावर काढते. तुझ्या पोरांच्या हातात द्यायला नाही काढत." वन्संनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला दिसत नाही का, थोरला कशाला टपलाय ते? ही गोष्ट बाहेर आली असती तर त्यानं तुला उचलून घरी नेलं असतं. मग मी खिडकीत बसून बघायचं काय? बंद दुकान?"

मास्तरीणबाई मटकन पलंगावर बसल्या. डोळे भरून आले, आणि एक डोळा आधीच धूसर असल्यानं समोरच्या वन्सं त्यांना दिसेनाशाच झाल्या.

"निदान फोन तरी करायचा होता कंपनीला," त्या म्हणाल्या.

"करणार होते." वन्सं जरा रागावल्यासारख्या म्हणाल्या, "तो अजून फोन करतो. तो पट्टेवाला. नवीन नवीन काही काढतो, हे मशीन घ्या, ती तपासणी करा. पण सुरुवातीला विचारतो, 'आत्याबाई, जेवलात का?' लबाड आहे, माहीत आहे मला. पण रोज विचारतो. तक्रार केली की तो फोनही बंद होईल, म्हणून राहिलं."

समोरासमोरची दोन घरं. दुकानातून मान वर केली की ही खिडकी दिसते. आणि हिला जेवलीस का विचारायला एका चोराला फोन करावा लागतो! मास्तरीणबाईंना स्वतःची इतकी शरम वाटली, की कार्ड दिल्याची शरम त्यापुढे काहीच नव्हती.

"फोन लावा कंपनीला," त्या म्हणाल्या. "आत्ता. मी बसते इथं. आणि मग आपण दोघी बेकरीवाल्या बाईंकडे जाऊ, नि टायपिस्टबाईंकडे. आणि जेवणाचं म्हणाल, तर उद्यापासून मी विचारीन."

"तू?" वन्संच्या आवाजाला जुनी धार आली. "तू विचारशील, 'जेवूनच बसला असाल ना?' म्हणजे वाढायला नको."

"तुमच्या तोंडाला काही औषध नाही, वन्सं."

"आहे की, विम्यात बसत नाही. कार्डामागचा नंबर वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"मलाही दिसत नाही!"

शेवटी दोघींनी मिळून, एकीचा चष्मा आणि दुसरीचा धड डोळा यांच्या बळावर, नंबर लावला. एकदा चुकून कुणा सुताराला लागला. त्यालाही वन्संनी, दारात फुकट काही घेऊ नकोस, म्हणून बजावलं.

थोरला संध्याकाळी परत गेला. कार्डाचा आणि फोनचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. जाताना फक्त म्हणाला, "ऑपरेशनच्या दिवशी मी सुट्टी घेतो." धाकट्यानं त्याला गाडीपर्यंत सोडलं, आणि दोघं बराच वेळ तिथंच बोलत उभे राहिले. काय बोलले ते मास्तरीणबाईंनी विचारलं नाही.

सोमवारी बेकरीवाल्या बाई दुकानात आल्या. कालच्या बातमीनंतर त्या येतील की नाही, याची धाकट्याला धाकधूक होती. पण त्यांच्यासोबत आणखी तिघी होत्या, आणि तिघींच्या हातात आपापली कार्डं. मास्तरीणबाई, तेवढं बघून सांगा, आमच्याकडेही एकाचा फोन येतो. मास्तरीणबाई प्रत्येकीला कार्डामागचा नंबर दाखवत होत्या आणि फोन मात्र जिचा तिलाच लावायला लावत होत्या. दुपार झाली तरी गर्दी हलेना.

मग एकदम त्या उठल्या, दुकानाच्या पायरीवर आल्या आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, "वन्सं, जेवलात का?"

समोरची खिडकी उघडली.

"नाही! सकाळपासून वाट बघतेय!"